लेखक-कवी लोकं पोटापाण्यासाठी नेमकं काय करतात? (सोलापूरहून विचारतोय)

कटिंगटेबल:

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, वय २६, अशोक चौकाच्या मागं राहतो. बी.ए. मराठी झालंय आणि चार वर्षं झाली, एका युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे. बाहेरच्यांना आपलं गाव म्हणजे चादर, टॉवेल आणि शेंगाचटणी एवढंच माहीत असतं, पण इथं शाळेच्या गणवेशाचं काम पण लई मोठं चालतं, आणि मार्चपासून जूनपर्यंत आम्हाला मान वर करायला सवड नसते.

मी कविता लिहितो, दोन कथा पण झाल्यात, एका छोट्या मासिकात एक कविता छापून आली, त्याचा अंक घरी टीव्हीजवळ ठेवलाय. वडील टॉवेलच्या मागावर होते, आता कान गेल्यासारखेच आहेत, त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. त्यांचं म्हणणं असं की लिहिणारी माणसं सगळी मास्तर नाहीतर प्रोफेसर असतात, त्यांचा पगार एक तारखेला पडतो म्हणून त्यांना सुचतं, तू एकतर बी.एड. कर नाहीतर हा नाद सोड. मला राग आला आणि त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी अलीकडच्या साहित्य अकादमीवाल्यांची माहिती काढत बसलो. २०२२ ला प्रवीण बांदेकर, सावंतवाडीला इंग्रजीचे प्राध्यापक. २०२३ ला कृष्णात खोत, पन्हाळ्याला शिक्षक. मागं गेलो तर राजन गवस प्राध्यापक, रंगनाथ पठारे संगमनेरला फिजिक्स शिकवायचे, नेमाडे तर इंग्रजीचे प्राध्यापक सगळ्यांनाच माहीत. रात्री दीड वाजता मोबाईल ठेवला तेव्हा वडिलांचंच खरं वाटायला लागलं होतं.

तर माझा प्रश्न सरळ आहे. आजचे जे कवी आणि कथा-कादंबरीवाले आहेत ते जगतात कशावर? कुणी निव्वळ लिहून घर चालवतं का? आणि माझ्यासारखा दहा तास उभं राहून काम करणारा माणूस यात कुठं बसतो का?

एक गोष्ट सांगतो म्हणजे कळेल मी का विचारतोय. परवा साठ थरांचा ले टाकला होता, म्हणजे एकावर एक पसरलेलं खाकी कापड, वर ब्राऊन पेपरवर हाफ चड्ड्यांचं मार्किंग केलेलं. दोन पॅटर्नच्या मध्ये बोटभर जागा उरते, तिथं एक ओळ सुचली म्हणून पेन्सिलनं लिहून ठेवली, म्हटलं चहाच्या सुट्टीत मोबाईलमध्ये टिपू. तेवढ्यात मालकांचा आवाज आला, अर्जंट आहे, मशीन चालव. आणि मी चालवली. ओळीवरनंच पातं गेलं. अर्धे शब्द २८ नंबरच्या मांडीच्या तुकड्यावर आणि अर्धे चिंध्यांच्या पोत्यात. पोत्यातला कागद मी शोधला, सापडला नाही, आणि ओळ पण आठवली नाही.

जुना_वाचक:

बाळा, तुझ्या वडिलांचं चूक नाही, पण अर्धंच बघितलंय त्यांनी. प्राध्यापक जास्त दिसतात याला कारणं आहेत, पगार हे त्यातलं एकच. हाताशी ग्रंथालय असतं, सुट्ट्या असतात, रोज चार माणसं भेटतात जी नव्या पुस्तकाबद्दल बोलतात, मासिकांचे संपादक आणि बक्षिसांच्या समित्यांवरची माणसं पण पुष्कळदा त्याच वर्तुळातली असतात. म्हणजे लिहिणं कॉलेजातच होतं असं नाही, लिहिलेलं लवकर दिसतं तिथं.

तुझी यादी परत काढ. २०२० ची अकादमी ज्यांच्या 'उद्या'ला जाहीर झाली ते नंदा खरे सिव्हिल इंजिनिअर होते, आयुष्य बांधकामात गेलं, आणि आता पुरस्कार घेणार नाही म्हणून त्यांनी तो नाकारला. २०१७ चे श्रीकांत देशमुख सहकार खात्यात अधिकारी. २०१६ चे आसाराम लोमटे परभणीला पत्रकार, रोजच्या बातमीचं काम सांभाळून 'आलोक'मधल्या कथा लिहिल्या त्यांनी. विश्वास पाटील आयएएस, आणि धरणग्रस्तांचं जे जगणं 'झाडाझडती'त आहे ते फायली उघडल्याशिवाय आणि त्या गावात गेल्याशिवाय लिहिता आलं असतं का सांग. भारत सासणे पण प्रशासनातलेच. महानोर शेवटपर्यंत पळसखेडचे शेतकरी. अरुण कोलटकर जाहिरातीतले, ग्राफिक डिझायनर, तिथं त्यांचं मोठं नाव होतं. नारायण सुर्वे गिरणीत होते, मग महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि पुढं तिथंच शिक्षक. ढसाळांनी मुंबईत टॅक्सी चालवली. आणि कल्पना दुधाळ आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या, दौंड तालुक्यातल्या, शेती करतात, त्यांच्या कवितेतली माती ही वाफ्यात पाणी धरणाऱ्या बाईची माती आहे, कळतं लगेच.

आता सोलापूरचंच सांगतो, कारण हे तुला घरी सांगता येईल. २००६ साली आपल्या गावात ७९ वं साहित्य संमेलन झालं, मी स्वयंसेवक होतो, बिल्ला अजून आहे माझ्याकडं. अध्यक्ष कोण होते? मारुती चितमपल्ली. प्राध्यापक नाही, वनखात्यातला माणूस. जन्म १९३२ चा, इथलाच, शिक्षण इथलं, मग कोईमतूरला फॉरेस्ट कॉलेजात ट्रेनिंग, आणि तिथनं पुढं सगळी नोकरी रानात, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. नोकरी संपल्यावर लिहू असं त्यांनी केलं नाही. फिरतीवर असताना रोजच्या रोज टिपणं ठेवली. पारधी, गोंड, मासेमारी करणारे ढीवर, यांच्याकडनं पक्ष्यांची, झाडांची नावं उचलली, आणि जिथं मराठीत शब्दच नव्हता तिथं घडवला. बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, हे त्यांनी दिलेले शब्द. वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला याची गरजच पडली नसती. म्हातारपणी ते परत सोलापूरला आले, २०२५ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला इथंच गेले. त्या दिवशी मला संमेलनातलं त्यांचं बोलणं आठवत होतं, सावकाश, समोर झाडं ऐकायला बसल्यासारखं.

मी स्वतः पोस्टात होतो, सॉर्टिंगला, रातपाळ्या केल्या. दोन कवितासंग्रह आहेत. पहिला पदरचे पैसे घालून काढला, पाचशे प्रती, त्यातल्या निम्म्याहून जास्त माळ्यावर पडून होत्या, बायकोनं प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपल्या म्हणून वाळवी लागली नाही. तू हे करू नको. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना असते, पहिल्या पुस्तकासाठी, त्याची जाहिरात आली की हस्तलिखित पाठव. आणि कुणी प्रकाशक पैसे मागायला लागला तर त्या दिवशी सही करू नको, घरी ये, आठ दिवस विचार कर.

तासिकेवरची:

दादा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि हे पण सांगा की प्रोफेसर म्हणजे एक तारखेचा पगार हे आता राहिलेलं नाही. मी मराठीत एम.ए., सेट, पीएच.डी., आणि सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. तासाला ठरलेले पैसे, सुट्टी लागली की बंद, दिवाळी-उन्हाळ्यात हातात काही नाही, आणि झालेल्या तासांचं मानधन पण कधी सहा महिन्यांनी एकदम येतं. कॉलेजचं नाव सांगत नाही, सगळीकडं हीच परिस्थिती आहे. एम.ए.च्या वर्गात मी कादंबरी शिकवते आणि संध्याकाळी दहावीच्या ट्यूशन घेते, माझा स्वतःचा कथासंग्रह गेली तीन वर्षं 'जवळपास पूर्ण' आहे.

तुम्हाला नवनाथ गोरे माहीत असतील. जतकडचे, म्हणजे आपल्या मंगळवेढ्याला लागूनच. 'फेसाटी' कादंबरी लिहिली, २०१८ ला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. ते पण कंत्राटी पद्धतीनं कॉलेजात शिकवायचे, आणि लॉकडाऊनमध्ये ते काम गेलं तर त्यांना गावाकडं दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जावं लागलं. २०२० ला पेपरात आलं तेव्हा सगळे हळहळले, मग त्यांना नोकरी मिळाली, चांगलं झालं. पण मी ती बातमी वाचून दोन दिवस नीट जेवले नव्हते, कारण माझ्या आणि त्यांच्यात फरक एवढाच की माझ्या नवऱ्याची नोकरी टिकली.

युवा पुरस्काराची रक्कम ५० हजार असते आणि मोठ्या अकादमीची एक लाख. मान फार मोठा आहे, पण त्यावर वर्ष निघत नाही हे लक्षात ठेवा. लिहायचं असेल म्हणून बी.एड. करू नका. शिकवायची आवड असेल तर जरूर करा, मला आवड आहे म्हणून मी अजून टिकून आहे, मुलं चांगली असतात. आणि ती हरवलेली ओळ वाचून मला खरंच वाईट वाटलं.

करमाळा_एक्सप्रेस:

सगळे पुण्या-मुंबईकडं बघायलेत, आपला जिल्हा बघा की. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, १९८४ ला 'अक्करमाशी' आलं, पुढं मुक्त विद्यापीठात गेले आणि 'सनातन'ला सरस्वती सन्मान. किशोर शांताबाई काळे आमच्या करमाळ्यातल्या नेरल्याचे, एमबीबीएस डॉक्टर, १९९४ ला 'कोल्हाट्याचं पोर'. लई लवकर गेला तो माणूस, २००७ ला अपघातात. नागराज मंजुळे जेऊरचे, त्यांना सगळे पिक्चरमुळं ओळखतात पण आधी कवितेचं पुस्तक आहे, 'उन्हाच्या कटाविरुद्ध', त्याला आपल्या सोलापूरचाच दमाणी पुरस्कार मिळालाय. ऑपरेटर, डॉक्टर, डायरेक्टर. तिघांत मास्तर म्हणून सुरुवात केलेला एक पण नाही. भावा लिहीत रहा.

पुणेकर_झालेला_सोलापूरकर:

निव्वळ लिहून घर चालतं का, याचं उत्तर मी देऊ शकतो कारण माझं चालतं. सात रस्त्याजवळ वाढलो, दयानंदला शिकलो, १२ वर्षं झाली पुण्यात आहे. मालिकांचे संवाद लिहितो, मधेमधे जाहिरातीची कॉपी, ऑडिओबुकवाल्यांसाठी कथा, कधी भाषांतर. हप्ता भरतो, मुलगी शाळेत जाते, तक्रार नाही. पण हे सगळं खरं सांगायचं तर ते लिहिणं आणि तू म्हणतोस ते लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संवाद एपिसोडच्या हिशेबानं असतात, रात्री अकराला फोन येतो की उद्या सकाळी शूट आहे, सीन बदललाय, नायिका रागावलेली नको रडवेली पाहिजे, मग बसायचं पहाटे तीनपर्यंत. एका कामाचे पैसे मला दीड वर्षानं मिळाले आणि एकाचे अजून यायचेत. हे कौशल्याचं काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, एवढं तरी म्हणतोच. पण दिवसभर शब्दच हाताळल्यावर रात्री कवितेची वही उघडवत नाही. मागच्या चार वर्षांत माझ्या स्वतःच्या कविता सहा.

तू दिवसभर कापड हाताळतोस. तुझे शब्द संध्याकाळपर्यंत शिल्लक राहतात, म्हणून तर टेबलावर ओळ सुचते. मला तुझा हेवा वाटला हे वाचून. दहा तास उभं राहणं सोपं नाही हे मला माहीत आहे, माझे मामा प्रिंटिंगमध्ये होते, संध्याकाळी पाय टपात घालून बसायचे. तरी सांगतो, फक्त लिहिता यावं म्हणून नोकरी सोडून पुण्याला येऊ नको. यायचं तर कामासाठी ये, मग मी ओळखी करून देईन, घरी राहा चार दिवस.

रॉयल्टीचं पण ऐक. कवितेच्या पुस्तकाची रॉयल्टी म्हणजे वर्षाकाठी एकदा घरच्यांना जेवायला नेता येईल एवढी, ती पण हिशेब आला तर. खपणारे कवी आहेत, संदीप खरे आणि सलील कुलकर्णींनी २००३ पासून कार्यक्रम केले आणि लोकांनी तिकीट काढून कविता ऐकली, पण तिथं गाणं आहे, स्टेज आहे, दौरे आहेत, ती वेगळी मेहनत आहे. किशोर कदम म्हणजे सौमित्र अभिनय करतात, दासू वैद्य प्राध्यापक आणि गाणी लिहितात. प्रत्येकाचं घर दुसऱ्या कशाच्या तरी खांबावर उभं आहे.

तुळजापूर_फाटा:

एवढ्या वेळात कुणीच नाव घेतलं नाही म्हणून लिहितोय. सोलापूरपासून पाऊण तासावर तुळजापूर आहे, तिथले देविदास सौदागर. शिंपी. खरोखर मशीनवर बसून कपडे शिवणारे. त्यांची 'उसवण' कादंबरी, २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. विठू नावाचा टेलर आहे, रेडिमेड कपडे आले आणि त्याचं दुकान हळूहळू बसत गेलं, त्याची गोष्ट आहे. छोटंसं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं, पण मला दोन बैठका लागल्या कारण मध्ये थांबावं लागलं.

कटिंगटेबल, तुमच्यासाठी हे का महत्त्वाचं आहे ते सांगतो. विठूचं दुकान ज्या मालामुळं बसलं तो माल कुठं कापला जातो? तुमच्या टेबलावर. गावोगावच्या टेलरकडं जूनमध्ये शाळेच्या कपड्यांचीच कामं असायची, मापं घ्यायला पोरांची रांग असायची, ती कामं आता गठ्ठ्यानं सोलापुरातनं जातात. म्हणजे त्या गोष्टीची एक बाजू लिहून झाली, दुसऱ्या बाजूला तुम्ही उभे आहात, हातात कटिंग मशीन घेऊन. त्या बाजूनं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, आणि प्राध्यापकाला ते लिहायचं झालं तर आधी तुमच्याकडं येऊन चार महिने बसावं लागेल.

तासिकेवरची:

तुळजापूरकर, हे वाचून अंगावर काटा आला. मी 'उसवण' शिकवलीय आणि मला हे सुचलं नव्हतं.

जुना_वाचक:

पुस्तक मिळालं नाही तर हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी कर, तिथं नसेल तर माझी प्रत घेऊन जा. फक्त परत दे, माझी पोरं पुस्तकं नेतात आणि विसरतात.

कटिंगटेबल:

सगळ्यांना एकदम उत्तर देतो, उशीर झाला, चार दिवस डबल पाळी होती. काका, पुस्तक तुमच्याकडनंच घेतलं, आता ओळख झालीच आहे, रविवारी परत देतो. मॅडम, तुमचा निरोप वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त विचारलं की त्या बाईंना उन्हाळ्यात पगारच देत नाहीत का. मग चितमपल्लींचं सांगितलं तर म्हणाले, फॉरेस्टवाले चितमपल्ली ना, माहीत आहे की, आपल्या सोलापूरचे ते. मला माहीत नव्हतं त्यांना माहीत आहे.

'उसवण' वाचली. मला तीन बैठका लागल्या.

आमचे एक चुलते टेलर होते, अक्कलकोट रस्त्याला एका खेड्यात त्यांचं पत्र्याचं दुकान होतं, जूनमध्ये त्यांच्याकडं रात्री बारापर्यंत मशीन चालायचं, मी लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा काजं करायला बसायचो, एका शर्टाच्या काजांना पन्नास पैसे द्यायचे मला. २०१५-१६ ला त्यांनी दुकान बंद केलं. आता ते सोलापुरातच असतात आणि घरी मशीन ठेवून जॉबवर्क करतात, कारखान्यातनं कापलेले गठ्ठे रिक्षानं जातात आणि शिवून परत येतात. हे मी दहा वेळा बघितलंय. काल गठ्ठा बांधताना चिठ्ठीवर नाव लिहायची वेळ आली तेव्हा माझ्याच हातानं त्यांचं नाव लिहिलं, २८ नंबर, हाफ चड्डी, दहा डझन. मी कापायचं आणि त्यांनी शिवायचं. आधी ते माप घ्यायचे, टेप गळ्यात असायची. आता माप माझ्या ब्राऊन पेपरवर असतं आणि ते पोरगं कोण, कसं आहे हे दोघांनाही माहीत नाही.

रात्री चुलत्यांकडं गेलो होतो. त्यांना विचारलं, दुकान बंद केलं त्या दिवशी काय काय झालं, पहिल्यापासून सांगा. त्यांनी आधी चहा ठेवायला सांगितला, मग कपाटावरनं जुनी मापांची वही काढली, गावातल्या पोरांची नावं आणि पुढं छाती, कंबर, उंची, वर्षावर्षाला वाढत गेलेली. ती वही मी घरी आणलीय. पहिलं पान उतरवायला घेतलंय.